सभामंडपातील ध्वनिमिश्रक : एका दुर्लक्षित वाद्याची समीक्षा

आमच्याकडे उत्सवातील भजनाची वा नाटकाची चर्चा निघाली म्हणजे गायकाचा गळा, पखवाज्याचा हात व पात्राची वाणी ह्यांचा सविस्तर परामर्श घेतला जातो. परंतु ही सारी मंडळी ज्याच्या हातून रसिकांच्या कानापर्यंत पोहोचतात, त्या ध्वनिमिश्रकाविषयी, म्हणजे व्यवहारात ज्यास ‘मिक्सर’ म्हणतात त्या यंत्राविषयी, टीकाकार अवाक्षर काढीत नाही. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या दसऱ्यापासून पुनवेपर्यंतच्या गर्दीत किंवा गावोगावच्या काल्याच्या रात्री कोणता स्वर वर यावा व कोणता दबावा, हा निर्णय आज त्या यंत्रापुढे बसलेला मनुष्य करीत असतो. पूर्वी हा निर्णय खुद्द कलावंत करीत. गायकाचा आवाज मंदावला की पेटीवाला आपण होऊन भाता आवरी. तो अधिकार आता ज्या यंत्राकडे गेला आहे, त्याच्या घडणीची समीक्षा करणे हे आम्ही कलासमीक्षेचेच अंग मानतो.

यंत्राचे कार्य तसे दुर्बोध नाही. माइकातून येणारा विद्युत्संकेत अवघा काही सहस्रांश व्होल्टांचा असतो. प्रथम तो वाढवावयाचा, नंतर त्यातील खर्ज व तीव्र अंश आवश्यकतेनुसार कमीअधिक करावयाचे, मग फेडराने त्याचे प्रमाण ठरवावयाचे आणि शेवटी अशा सर्व वाटा एका सामाईक तारेवर एकत्र आणून ध्वनिवर्धकाकडे धाडावयाच्या, इतकाच हा व्यापार आहे. मात्र ह्यातील प्रत्येक पायरीवर यंत्र घडविणाऱ्याने कोणाच्या तरी संगीताची कल्पना मनात धरलेली असते. बाजारातील तयार यंत्रे बहुधा पाश्चात्त्य वाद्यवृंदाची कल्पना धरून केलेली असतात, आणि आमच्या मंडपात नेमका येथेच घोटाळा होतो.

घुमटाचेच उदाहरण घ्यावे. गोवा शासनाने २०१९ साली ह्या वाद्यास राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. मातीच्या ह्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते व धाकटे तोंड उघडे असते. वादक एका हाताने थाप देतो आणि दुसऱ्या हाताने ते उघडे तोंड कमीअधिक झाकून नादास वळण देतो. म्हणजे वाद्याचा अर्धा प्राण त्या मागच्या तोंडाशी आहे. माइक केवळ चामड्यासमोर धरला की थापेचा टणत्कार तेवढा ऐकू येतो. त्यातच भाषणाच्या सोयीसाठी असलेला, खर्ज छाटणारा खटका दाबलेला राहिला, तर ‘घुम’ हा नाद उरतच नाही. शामेळ व कांसाळे मात्र कर्कश होऊन वर येतात. सुवारीचे सौंदर्य जाणणाऱ्या श्रोत्याला हा प्रकार वादकाचा दोष वाटतो. वस्तुतः तो दोष योजनेचा असतो.

दुसरा प्रश्न संख्येचा. चोवीस वाटांचे यंत्र आणले म्हणजे देवस्थानची प्रतिष्ठा वाढली, असा एक समज रूढ झाला आहे. मिश्रणाच्या सामान्य पद्धतीत जितक्या वाटा सामाईक तारेला जोडाव्यात, त्याहून एकाने अधिक पट त्या मिश्रणवर्धकाची स्वतःची खरखर वाढते. चोवीस वाटांना ती पंचवीस पट, तर आठ वाटांना नऊ पट होते. गजबजलेल्या मंडपात ही खरखर कदाचित कोणास जाणवणार नाही. परंतु मोकळ्या वाटा दिसल्या की त्यांत माइक खोचण्याचा मोह होतो, आणि ते अधिक घातक आहे. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की कर्ण्यांतून शिट्टी वाजण्यापूर्वीची सवलत तीन डेसिबलांनी घटते. चिऱ्याच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या मंडपात आवाज आधीच घुमत राहतो, आणि तेथे ही सवलत मुळातच अल्प असते. दशावतारी नाटकात पात्रे संवाद आयत्या वेळी रचीत रंगमंचभर फिरतात, म्हणून वर टांगलेले माइक सतत उघडे ठेवले जातात. शब्द हरवतो तो बहुधा तेथेच.

ह्यावर आमची सूचना अशी की, मोठ्या उत्सवाच्या देवस्थानाने आपल्या मंडपाचा विचार करून आठ वाटांचा एक साधा ॲनालॉग ध्वनिमिश्रक घडवून घ्यावा : दोन गायकांसाठी, दोन रंगमंचासाठी आणि पेटी, चर्मवाद्य, झांज व कीर्तनकार ह्यांसाठी एकेक. चर्मवाद्याच्या वाटेत खर्ज छाटणारा खटका ठेवूच नये. माइकाच्या दोन तारांतून संकेत परस्परविरुद्ध न्यावा, म्हणजे रोषणाईच्या तारांतून दोन्हींवर सारखाच पडणारा गुणगुणाट शेवटी वजा होऊन जातो. प्रत्येक वाट स्वतंत्र पाटीवर बांधावी, म्हणजे एक बिघडली तरी उत्सव थांबत नाही व गावातला कारागीर ती काढून दुरुस्त करू शकतो.

अशी घडण आपल्या आवाक्याबाहेरची आहे, असे कोणी म्हणू नये. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला. तेच दामले पुढे ‘प्रभात’मध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळू लागले, आणि फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली अवतरला. इंग्लंडातही ह्या यंत्रांचा विख्यात रचनाकार रूपर्ट नीव्ह (१९२६–२०२१) एक हकीकत सांगत असे. जेफ एमरिक ह्या ध्वनिमुद्रकाने त्याच्या एका मोठ्या यंत्रातील काही वाटा निराळ्या लागतात, अशी तक्रार केली. शोध घेता त्या वाटांत ५४ हजार आवर्तनांपाशी तीन डेसिबलांचा उंचवटा आढळला. मनुष्याचा कान तर वीस हजारांच्या पलीकडे ऐकत नाही, असे शास्त्र सांगते. ह्याचा उलगडा कसा करावा, ह्याविषयी मतभेद असोत. आम्हांस त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, घडविणाऱ्याने ऐकणाऱ्याची तक्रार उडवून लावली नाही. तानपुरा जुळविताना बुजुर्ग गवई जसा कानावर विश्वास ठेवतो, तसाच विश्वास यंत्राच्या रचनेतही ठेवावा लागतो.

प्रतिपक्षाचे म्हणणेही रास्त आहे. आजची डिजिटल यंत्रे हलकी असतात, शिट्टी आवरण्याची साधने त्यांत अधिक असतात व एका नाटकासाठी केलेली मांडणी ती स्मरणात ठेवतात. ॲनालॉग यंत्राला ते साधत नाही, शिवाय पावसाळी दमटपणाने त्याचे फेडर खरखरू लागतात. फिरत्या ध्वनियोजकास डिजिटलच सोयीचे, हे आम्ही मान्य करतो. परंतु देवस्थानचे यंत्र एकाच मंडपात राहावयाचे आहे. ज्याचे प्रत्येक बटण डोळ्यांसमोर आहे व जे दहा तरुणांना सहज शिकविता येते, ते यंत्र तेथे अधिक उपयोगी पडेल.

शेवटी एक मर्यादाही सांगितली पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते पहाटे सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण तीही वर्षातून पंधरा दिवसांपेक्षा अधिक नाही. रात्रभर चालणाऱ्या काल्यावर ही आपत्तीच, असे अनेकांस वाटते. परंतु दशावतार रंगला तो कर्णे येण्यापूर्वीच. मध्यरात्रीनंतर माइक बंद करून, श्रोत्यांस रंगमंचाजवळ बसवून नाटक पुढे चालू ठेवल्यास पात्रांना पुन्हा आवाज फेकावा लागेल व पेटीवाल्याला पुन्हा गळ्याकडे कान द्यावा लागेल. यंत्र घडविण्याचा खर्च करण्यापूर्वी महाजनांनी एका रात्री हा प्रयोग करून पाहावा. आपल्या मंडपात यंत्रावाचून काय ऐकू येते हे त्यातून कळेल, आणि यंत्राकडून नेमके किती साह्य घ्यावयाचे तेही ठरविता येईल.