न पचणारी गोडी

कंदाचं रसग्रहण करायचं तर तो आधी हातात घ्यावा. जेरुसलेम आर्टिचोक दिसायला देखणा नाही. मुठीत मावेल एवढा आकार, अंगभर गाठी, तपकिरी किंवा जांभळट साल आणि गाठींच्या बेचक्यांत घट्ट बसलेली माती. साल इतकी पातळ की नखानं खरवडली जाते. बटाट्याच्या अंगावर बुचासारख्या पेशींचा जो राखणारा थर असतो, तो याला नाही. म्हणून जमिनीतून काढून उघड्यावर ठेवला की थोड्याच दिवसांत सुरकुततो, मऊ पडतो. जमिनीतच राहू दिला तर मात्र कडाक्याचा हिवाळा सोसतो आणि बर्फ वितळल्यावर नवे कोंभ फेकतो. उघड्यावर नाजूक आणि मातीत चिवट असा हा स्वभाव आहे. पुढे उद्योगात त्याच्या वाट्याला जे आलं, त्यातलं बरंचसं या स्वभावामुळेच आलं.

कापला की आतून पांढरा आणि रसरशीत. कच्ची चकती दाताखाली ओल्या शिंगाड्यासारखी कुरकुरते. मग मंद गोडी येते आणि मागाहून अक्रोडाच्या कुळातला एक तेलकट दरवळ जिभेवर रेंगाळतो, जरी तेल त्यात जवळजवळ नसतं. इटलीच्या पिएमाँत भागात या कच्च्या चकत्या लसूण आणि अँकोव्ही मासळीच्या गरम तेलात, म्हणजे बान्या काउदात, बुडवून खातात. माझ्या मते या कंदाची चव ओळखण्याचा याहून चांगला मार्ग नाही. उकडल्यावर कुरकुर जाते, गोडी वाढते आणि पोत रेशमी होतो. उकडताना तो करडा पडू लागतो, कारण त्यातलं लोह आणि फिनॉल जातीची द्रव्यं एकत्र येतात. पाण्यात लिंबू पिळलं की रंग टिकतो. लिंबाचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे येईल.

हा सूर्यफुलाच्या कुळातला, उत्तर अमेरिकेचा रहिवासी. युरोपीय लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी त्याची लागवड करत होते. फ्रेंच दर्यावर्दी सामुएल द शाँप्लँ यानं १६०५ मध्ये केप कॉडच्या किनाऱ्यावर त्यांच्या शेतांत हे कंद पाहिले आणि त्यांची चव आर्टिचोकच्या जवळ जाते असं नोंदवलं. थोड्याच वर्षांत ते फ्रान्समध्ये रुजले. इंग्लंडमध्ये जॉन गुडयर या वनस्पतिज्ञाला १६१७ मध्ये दोन लहान कंद मिळाले, ते भराभर वाढले. आणि त्यानंच १६२१ मध्ये लिहून ठेवलं, की कसेही शिजवा, हे पोटात वारा धरतात आणि माणसापेक्षा डुकराला बरे. चारशे वर्षं या कंदाबरोबर फिरणारी ही तक्रार मला महत्त्वाची वाटते. ती खरी आहे, आणि कंदाचा सगळा गुण याच तक्रारीच्या मुळाशी आहे.

बटाटा आपली शिदोरी स्टार्चच्या रूपात बांधतो. म्हणजे ग्लुकोजचे दुवे एकमेकांना जोडून. जेरुसलेम आर्टिचोक फ्रुक्टोजचे दुवे जोडतो आणि त्या साखळीला इन्युलीन म्हणतात. ते पहिल्यांदा वेगळं काढलं फालेन्टिन रोझे या जर्मन शास्त्रज्ञानं, १८०४ मध्ये, एलेकँपेन या दुसऱ्याच एका वनस्पतीच्या मुळांतून. ताज्या कंदात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. उरलेल्या कोरड्या ऐवजात सिंहाचा वाटा इन्युलीनचा.

ही साखळी कशी विणली जाते, याचं उत्तर याच कंदावर काम करून मिळालं. एडेलमन आणि जेफर्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेली रचना आजही पाठ्यपुस्तकांत आहे आणि ती मला विलक्षण सुंदर वाटते. पानांतून येणारी साखर म्हणजे सुक्रोज, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. पहिलं एन्झाइम एका जोडीतलं फ्रुक्टोज काढून दुसऱ्या जोडीच्या टोकाला जोडतं आणि पहिल्या जोडीतलं ग्लुकोज मोकळं होतं. दुसरं एन्झाइम या लहान साखळ्यांमधली फ्रुक्टोजं इकडून तिकडे हलवत एकेक साखळी लांबवत नेतं. प्रत्येक साखळीच्या मुळाशी त्या दुसऱ्या जोडीतलं ग्लुकोज तसंच राहतं. शरदात पानं वाळायला लागतात तेव्हा हे विणकाम पूर्ण होतं. मग थंडी पडते आणि तिसरं एन्झाइम कामाला लागतं. ते टोकाकडून एकेक फ्रुक्टोज तोडत साखळ्या आखूड करत जातं, कारण वसंतातल्या कोंभाला चटकन वापरता येईल अशी साखर हवी असते. नोव्हेंबरात काढलेला कंद आणि मार्चमध्ये काढलेला कंद म्हणूनच चवीला सारखे नसतात. मार्चचा जास्त गोड. ज्याला लांब साखळीचं इन्युलीन हवं तो शरदात खणतो. ज्याला फ्रुक्टोजचा पाक किंवा मद्यार्क हवा, तो हिवाळाभर थांबला तरी चालतं.

आता गुडयरच्या तक्रारीकडे. इन्युलीनमधला फ्रुक्टोज-फ्रुक्टोज सांधा तोडणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात नाही. त्यामुळे जठर आणि लहान आतडं पार करून इन्युलीन जवळजवळ जसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे बायफिडोसारखे जीवाणू त्यावर तुटून पडतात. आंबवताना ते अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान आम्लं बनवतात, आणि वायूही. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं आवडतं इंधन. म्हणजे पोट फुगवणारी आणि आतडं पोसणारी क्रिया एकच आहे. आपल्याकडे कडधान्यांना वातूळ म्हणून बाजूला सारणारे आणि तरीही रोज उसळ खाणारे घरोघरी आहेत. हा कंद त्यांना परका वाटू नये. आणि कांदा-लसणातही याच घराण्यातल्या फ्रुक्टोजच्या साखळ्या असतात. लासलगावचा कांदा खाणारा वाचक त्या रोजच पोटात घालतो आहे.

ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये ‘प्रीबायोटिक’ ही कल्पना मांडली, तेव्हा इन्युलीन तिच्या केंद्रस्थानी होतं. त्यानंतर पुरावा सावकाश जमत गेला. किशोरवयीन मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलीन-जातीचं मिश्रण दिल्यावर कॅल्शियम अधिक शोषलं गेलं, हे २००५ मध्ये अमेरिकेत दिसलं. युरोपीय संघानं २०१५ मध्ये, रोज १२ ग्रॅम चिकोरी-इन्युलीन घेतल्यास शौच नियमित होण्यास मदत होते, एवढाच दावा मान्य केला. हे प्रयोग चिकोरीच्या मुळातून काढलेल्या इन्युलीनवर झाले. द्रव्य तेच, साखळीची लांबी थोडी वेगळी. म्हणून कंदाच्या नावावर त्याहून मोठे चमत्कार कोणी सांगत असेल तर मी विश्वास ठेवत नाही. कंदाचा खरा गुण तेवढ्यानंही पुरेसा मोठा आहे. इन्युलीन रक्तातली साखर वाढवत नाही आणि एका ग्रॅममागे सुमारे दीड किलोकॅलरी देतं. लोह १०० ग्रॅममागे ३.४ मिलिग्रॅम, पोटॅशियम ४२९ मिलिग्रॅम. कंदमुळांत हे आकडे चांगलेच म्हणायचे.

हे आकडे ज्या पोषणतक्त्यातले, त्यात एक आकडा मात्र फसवा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नोंदीत १०० ग्रॅम कंदात तंतू फक्त १.६ ग्रॅम दाखवलेले असतात आणि ऊर्जा ७३ किलोकॅलरी. तंतू मोजण्याच्या जुन्या पद्धतीत नमुना अल्कोहोलमध्ये बुडवून जे खाली बसेल तेच तंतू धरलं जाई. आखूड साखळीचं इन्युलीन विरघळून निसटतं आणि साध्या पिष्टमय पदार्थांत मोजलं जातं. आहारतज्ज्ञांनी तरी हा तक्ता डोळे मिटून वापरू नये.

वैद्यकात इन्युलीनचा एक उपयोग मला सर्वांत डौलदार वाटतो, आणि त्याचा खाण्याशी संबंध नाही. रक्तात सोडलेलं इन्युलीन मूत्रपिंडात मोकळेपणी गाळलं जातं. ते परत शोषलं जात नाही, वरून मिसळलंही जात नाही. त्यामुळे किती वेळात किती बाहेर पडलं, यावरून मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद नेमकी मोजता येते. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कला होमर स्मिथ आणि फिलाडेल्फियाला ए. एन. रिचर्ड्‌स यांनी ही पद्धत उभी केली आणि अचूकतेची कसोटी म्हणून ती मान्य झाली. शरीर ज्याला हातच लावत नाही, त्याच्याकडूनच शरीराचं माप घेता आलं.

उद्योगाची गोष्ट साखरेपासून सुरू होते. इन्युलीनची साखळी आम्लात किंवा इन्युलिनेज एन्झाइमनं तोडली की एका पायरीत बहुतांशी फ्रुक्टोज हाती येतं, आणि फ्रुक्टोज साध्या साखरेहून गोड. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌सच्या जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात याच कंदापासून शुद्ध फ्रुक्टोज बनवण्याची पद्धत बारकाईनं बसवली. मग मक्यानं बाजी मारली. मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज मिळतं. त्याचं फ्रुक्टोज करणारं एन्झाइम १९६० च्या दशकात जपानमध्ये उद्योगाच्या कामी आणलं गेलं. तरी एका फेरीत ४२ टक्क्यांच्या आसपासच फ्रुक्टोज मिळतं, पुढे ते वेगळं करत न्यावं लागतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं कंदाची वाट सरळ होती. पण मक्याचं कणीस वर्षभर कोठारात राहतं आणि हा कंद उघड्यावर सुरकुततो. कारखान्याला रोज सारखा कच्चा माल लागतो.

युरोपात इन्युलीनचा उद्योग उभा राहिला तेव्हाही हेच झालं. बेल्जियम, नेदरलँड्‌स आणि फ्रान्समध्ये चिकोरी निवडली गेली. तिचं मूळ एकच, सरळ, बीटसारखं उपटता आणि धुता येणारं आणि साखळ्या सरासरीनं लांब. आपल्या कंदाच्या गाठींतली माती धुणं जिकिरीचं. शेतात राहून गेलेला प्रत्येक तुकडा पुढच्या वर्षी तण होऊन उगवतो. चीननं मात्र हाच चिवटपणा कामाला लावला. वायव्येच्या कोरड्या, खारट, वाळूच्या जमिनींत हा कंद लावला जातो, माती धरून ठेवतो आणि तिथल्या इन्युलीन कारखान्यांना माल पुरवतो. मला हा त्याचा सर्वांत योग्य उपयोग वाटतो. जिथे गहू येत नाही तिथे हा येतो, अन्नधान्याची जमीन अडवत नाही.

मद्यार्काची बाजूही अशीच. जर्मनीतल्या बाडेन भागात या कंदाची दारू गाळण्याची जुनी परंपरा आहे. मातकट, कवचफळांच्या वासाची आणि किंचित गोडसर. युरोपीय संघाच्या नियमांत तिला स्वतंत्र वर्ग आहे, निदान ३८ टक्के मद्यार्काची अट घालून. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस नावाचं यीस्ट स्वतःच इन्युलिनेज बनवतं, त्यामुळे साखळी तोडणं आणि आंबवणं एकाच भांड्यात होतं. एक टन कंदात १६० किलो इन्युलीन धरलं, तर कागदावरच्या गणितानं ११५ लिटरच्या जवळपास मद्यार्क निघायला हवा. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतो. इंधनासाठी हे आकर्षक आहे. पण १९८० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत याच आशेवर शेतकऱ्यांना बियाणं विकलं गेलं. विकत घेणारा कारखानाच नव्हता, पहिल्या वर्षी बियाणं विकणारे थोडे कमावून गेले आणि बाकीचे बुडाले. पीक चांगलं होतं, बाजार नव्हता. भारतात नव्या पिकाची रोपं विकायला कोणी दारात आलं, तर ही गोष्ट त्याला आधी सांगावी.

पुढची वाट प्लास्टिककडे जाते. फ्रुक्टोजमधून पाण्याचे तीन रेणू काढले की हायड्रॉक्सिमिथाइलफर्फ्युरल मिळतं. ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोजपासून ते कितीतरी सहज बनतं. त्यापासून पीईएफ हे प्लास्टिक तयार होतं आणि ते नेहमीच्या पीईटीपेक्षा ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड अधिक चांगलं अडवतं. ज्या सांध्यामुळे कंद माणसाला पचत नाही, तोच तोडला की बाटलीचा कच्चा माल हाती येतो.

फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धात बटाटे जर्मन सैन्याकडे गेले आणि लोकांनी वर्षानुवर्षं हा कंद खाल्ला. त्या पिढीला पुढे त्याचा वासही नको झाला, आणि ते समजण्यासारखं आहे. आता त्यांच्या नातवंडांच्या ताटात तो कौतुकानं परत आला आहे.

युरोपात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या वाचकाला तो नोव्हेंबर ते मार्च बाजारात दिसेल. टणक, न सुरकुतलेले कंद निवडा आणि लवकर खा. पहिल्यांदा दोन-तीन चकत्या पुरेत. लिंबू पिळलेल्या पाण्यात बराच वेळ उकडलं तर थोडं इन्युलीन आधीच तुटतं आणि पोट कमी फुगतं. आतडं नाजूक असेल, कांदा-लसूण सोसत नसेल, तर हा टाळाच. इथे भारतात ‘शुगर-फ्री’ बिस्किटं किंवा आइसक्रीम घेताना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. ‘इन्युलीन’ लिहिलं असेल तर साखळी शाबूत आहे. ‘फ्रुक्टोज सिरप’ लिहिलं असेल तर ती तुटलेली आहे आणि ती साखर पूर्ण पचते. मधुमेह असलेल्यांनी हा फरक डॉक्टरांना विचारून नीट समजून घ्यावा.