पट्टी जाड आहे, पण जोड कसा आहे?

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. पंचगंगेच्या त्या दोन महापुरांत शहराच्या कित्येक भागांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्यामुळे घरात स्वतः बॅटरी बँक बांधायचा विषय निघाला की हौशी मंडळी कान टवकारतात. सेल विकत घेतात, आणि ते जोडणाऱ्या बसबारवर मात्र पैसे वाचवायला बघतात. तिथं एक सल्ला हमखास मिळतो: भंगारातलं तांबं आणा, पट्ट्या कापा, दोन भोकं पाडा, नट आवळा. पट्टी जेवढी जाड तेवढी चांगली.

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. पण उरलेला अर्धा घर पेटवू शकतो, म्हणून आज त्याची थोडी चिरफाड.

आधी गणित

समजा, ३.२ व्होल्टचे १६ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल एकापुढे एक जोडले. झाले ५१.२ व्होल्ट. पाच किलोवॅटचा भार टाकला की प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास जातो. सेल-सेलमधली पट्टी २० मिमी रुंद, ३ मिमी जाड आणि ७० मिमी लांब धरू. शुद्ध तांब्याची रोधकता १.७२ मायक्रोओहम-सेंमी, म्हणजे या पट्टीचा रोध सुमारे २० मायक्रोओहम. शंभर अँपिअरला तिच्यात उष्णता होते फक्त ०.२ वॅट. पंधरा पट्ट्यांची मिळून ३ वॅट. म्हणजे रात्रीचा झिरोचा बल्बसुद्धा नाही.

आता तांबं 'हलकं' निघालं तर? एसीच्या जुन्या नळीचं तांबं दिसायला लालबुंद असतं, पण त्यात मुद्दाम थोडा फॉस्फरस घातलेला असतो. तेवढ्यानं वाहकता साधारण ८० टक्क्यांवर येते. पट्टीची उष्णता ०.२५ वॅट. पितळेची वाहकता तर शुद्ध तांब्याच्या २८ टक्क्यांच्या आसपास. तरी ०.७ वॅट! मी पितळ वापरा म्हणत नाही. सांगायचं एवढंच की ज्या शुद्धतेवर आणि जाडीवर आपण तासन्‌तास वाद घालतो, तिथं डाव लागलेलाच नाही.

मग रोध कुठं आहे?

जोडात. आमच्या प्रयोगशाळेत पदार्थाच्या पातळ थराचा रोध मोजताना दोन नव्हे, चार टोकं लावतात. बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह जातो, आतल्या दोनांवर व्होल्टेज मोजतात. एवढा खटाटोप का? कारण दोनच टोकांनी मोजलं तर जिथं टोक टेकतं त्या जागेचा रोध मूळ पदार्थाच्या रोधाला गिळून टाकतो.

बॅटरीत नेमकं हेच होतं. दोन धातू एकमेकांवर दाबले की डोळ्यांना अख्खा पृष्ठभाग टेकलेला दिसतो. प्रत्यक्षात दोन्हीकडचे सूक्ष्म उंचवटे तेवढे भेटतात आणि सगळा प्रवाह त्या ठिपक्यांतून वाट काढतो. त्यावर ऑक्साइडचा थर असेल तर ठिपके आणखी कमी. तांब्याचं लाल ऑक्साइड हे अर्धवाहक आहे. सिलिकॉन येण्याआधी त्याचेच रेक्टिफायर बनत. प्रवाह अडवणारी ती वस्तू आपण नटाखाली ठेवतोय. वर या सेलची टर्मिनलं बहुधा ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड तर सरळ विद्युतरोधक.

चांगल्या जोडाचा रोध काही मायक्रोओहम, पट्टीच्याच पंगतीतला. पण बिघडलेला जोड एक मिलिओहमवर गेला तर शंभर अँपिअरला १० वॅट, तेही नाण्याएवढ्या जागेत. पट्टीच्या पन्नासपट. असे तीन जोड म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता. तापला की ऑक्साइड वाढतं, ऑक्साइड वाढलं की आणखी तापतो.

जाडी उलटते कशी

हे सेल चार्ज-डिस्चार्ज होताना किंचित फुगतात आणि आकसतात. मधली पट्टी ताठ असेल तर तो सगळा ताण टर्मिनलवर येतो आणि जोड सैल होतो. पट्टीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणजे ०.१ वॅट वाचवण्यासाठी आपण टर्मिनलवर आठपट जोर लावायची सोय केली. ३ मिमीच्या एका पट्टीऐवजी अर्ध्या मिमीच्या सहा पट्ट्यांची चळत वापरली तर तांबं तेवढंच राहतं, पण पट्ट्या एकमेकींवर मोकळ्या सरकत असतील तर ताठपणा छत्तिसाव्या हिश्श्यावर येतो.

भंगार कुठलं घ्यावं

जुन्या इलेक्ट्रिक पॅनेलमधली पट्टी सर्वांत उत्तम. ती वीज वाहण्यासाठीच बनलेली असते. फाउंड्रीचं गाव म्हणून 'वायरी वितळवून पट्टी ओतून घेऊ' असं आपल्याकडं सहज सुचतं. ते नको. हजारात एक भाग लोखंड तांब्यात विरघळून राहिलं तरी वाहकता सुमारे एक तृतीयांशानं घसरते, शिवाय ओतीव पट्टीत पोकळ्या राहतात. वायरी जाळून तांबं काढणं तर सोडाच. पीव्हीसी जळताना डायॉक्सिन तयार होतात आणि तांबं त्या क्रियेला मदतच करतं.

तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम ओळखायला वजन पुरतं. वरच्या मापाची अख्खी पट्टी सुमारे ३७ ग्रॅम भरायला हवी. ॲल्युमिनियमची ११ च्या आसपास भरेल. गुजरीतल्या कुठल्याही काट्यावर हा फरक लपणार नाही.

कल्हई आठवते का?

तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून, त्यात आपला पावसाळा, म्हणजे गंज ठरलेला. उपाय जुनाच आहे: मध्ये कथील. ताक कळकू नये म्हणून भांड्याला कल्हई करायचो, तेच तत्त्व. पण कल्हईवाल्याचा हात इथं जसाच्या तसा चालत नाही. नवसागराचा अंश उरला तर क्लोराइडमुळे गंज उलट वाढतो, आणि पुसून लावलेला थर उंचसखल राहतो. टेकायची जागा सपाट हवी. म्हणून पट्टी आधी सपाट घासायची, भोकाच्या कडेची धार काढायची, आणि जमलं तर कथिलाचं इलेक्ट्रोप्लेटिंग करून घ्यायचं. ॲल्युमिनियमचं टर्मिनल हलकं घासून लगेच जोडासाठीचं ऑक्साइडरोधक ग्रीस लावायचं. नट मनगटाच्या अंदाजानं नाही, सेल बनवणाऱ्यानं दिलेल्या टॉर्कनंच आवळायचा.

आणि मोजायचं

या सल्ल्याचा माझ्या मते सर्वांत मोठा दोष हा की तो तपासणी सांगतच नाही. ५० अँपिअरचा भार चालू ठेवा. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक सुई एका सेलच्या स्टडच्या टोकाला आणि दुसरी शेजारच्या सेलच्या स्टडला लावा, म्हणजे पट्टी आणि तिचे दोन्ही जोड एकदम मोजले जातात. मधे पट्टी असलेल्याच दोन स्टडवर! एकाच सेलच्या दोन टोकांवर सेलचं व्होल्टेज दिसेल. शुद्ध पट्टीचा वाटा १ मिलिव्होल्ट, बाकी जोडांचा. पंधराही आकडे लिहून काढा. एखादा इतरांच्या दुप्पट आला तर भार बंद करून तो जोड उघडा, साफ करा, पुन्हा मोजा. महिन्याभरानं परत एकदा.

हे करताना हातातली अंगठी, कडं काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. या सेलचा अंतर्गत रोध मिलिओहमच्याही अंशात असतो, त्यामुळे पाना आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात. मुख्य वायरवर योग्य क्षमतेचा डीसी फ्यूज आणि उघड्या पट्ट्यांवर झाकण हवंच.

भंगारातल्या तांब्याला माझा विरोध नाही. ते वापरावं, पैसेही वाचतात. पण 'जाड तांबं लावा' एवढ्यावर थांबणारा सल्ला पुरात कामाला येणार नाही. पट्टी भंगारातली चालेल, जोड भंगार चालणार नाही.