आवड आणि थापटणे

मराठी समीक्षेने 'आवड' ह्या अनुभवाकडे बहुधा संशयाने पाहिले आहे. आवडलेल्या पुस्तकांविषयीचे, मनात रेंगाळलेल्या चित्रपटांविषयीचे परिसंवाद दिवाळी अंकांत होत राहिले. परंतु त्याच लेखकांच्या समीक्षाग्रंथांत आवडीची जागा लय, घाट, संरचना, जाणीव ह्या संज्ञा घेतात. जिवाजवळची कलाकृती आणि मोलाची ठरलेली कलाकृती ह्यांची नोंद जणू दोन निराळ्या दफ्तरांत करावयाची असते. ही विभागणी कितपत टिकते, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

विभागणीमागे भक्कम तात्त्विक कारणे आहेत, हे प्रथम मान्य करावयास हवे. कांटने 1790 साली रुचिनिर्णयाचे वेगळेपण सांगताना तो हितसंबंधनिरपेक्ष असतो, असे प्रतिपादन केले. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) मध्ये साहित्यकृतीचे सौंदर्य भावनात्मक अर्थांच्या लयबद्ध रचनेत शोधले; रसिकाच्या लौकिक आवडीनिवडीला तेथे पुराव्याचे स्थान उरले नाही. अभिनवगुप्ताने तर रसास्वादातील विघ्नांमध्येच निजसुखादिविवशीभावाची गणना केली आहे. स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापलेल्या प्रेक्षकाला रस गवसत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे आवड ही आस्वादाची सुरुवातही असू शकते आणि त्याच्या आड येणारी गोष्टही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (1974) मध्ये कलाव्यवहाराच्या आकलनासाठी मांडलेली लंबकाची कल्पना येथे उपयोगी पडते. अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी ध्रुवांमध्ये हेलकावणारा हा लंबक प्रत्येक रसिकाच्या मनातही हलत असतो.

ह्या हेलकाव्याचे अत्यंत मूर्त रूप मराठवाड्याच्या संतचरित्रपरंपरेत आढळते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील ढोकी हे गाव अलीकडच्या काळात तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले गेले. परंतु ह्या परिसराची जुनी सांस्कृतिक ओळख त्याच्या जवळच्या तेर ह्या गावाशी निगडित आहे. प्राचीन तगर नगर ते हेच. तेरणेच्या काठी संत गोरा कुंभार ह्यांची समाधी आहे. परंपरा त्यांचा काळ 1267 ते 1317 असा मानते. स्थानिक जनांच्या तोंडी ते 'गोरोबाकाका' आहेत, आणि 2020 च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या नगरीला हेच नाव दिलेले होते. साहित्याच्या मेळाव्यावर एका कुंभाराचे नाव असावे, ही गोष्ट केवळ प्रादेशिक अभिमानाची नाही. समीक्षेच्या दृष्टीने ती अर्थपूर्णही आहे.

गोरोबांच्या दोन कथा सर्वश्रुत आहेत, आणि महिपतीच्या 'भक्तविजय' (1762) ह्या ग्रंथाने त्या घरोघरी पोहोचविल्या. पहिली परीक्षेची. संत जमलेले असता मुक्ताबाईने थापटण्याविषयी विचारले. त्याने मडकी पक्की की कच्ची ते कळते, असे उत्तर मिळाले. तेव्हा ह्या मडक्यांचीही परीक्षा व्हावी, अशी सूचना झाली आणि गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. इतर स्वस्थ राहिले. नामदेव मात्र दुखावले, आणि तेच कच्चे ठरले. येथे लक्षणीय बाब अशी की, नामदेव हे पांडुरंगाचे सर्वांत लाडके. कच्चेपणाचा निर्णय नेमका लाडक्याविषयी लागतो. मात्र ह्या निर्णयाने नामदेवांचे लाडकेपण रद्द होत नाही. ते विसोबा खेचरांकडे जातात, ज्ञान घेतात आणि परत पांडुरंगाचेच होतात. लाडकेपण हा परीक्षेला पर्याय नव्हे आणि परीक्षा हे लाडकेपणाचे खंडन नव्हे, असे हे सूत्र मांडता येईल.

दुसरी कथा तल्लीनतेची आहे, आणि ती भयंकर आहे. विठ्ठलभजनात देहभान हरपलेले गोरोबा चिखल तुडवीत असता त्यांचे रांगते मूल त्याच चिखलात येते आणि पायाखाली चिरडले जाते. पुढे चमत्काराने मूल परत मिळते. परंतु चमत्कार बाजूला ठेवला की एक प्रश्न उरतोच. ज्या तन्मयतेला भक्तिपरंपरा आणि सौंदर्यशास्त्र दोन्ही गौरवितात, तिच्या पायाखाली कोण येते? चित्रपटमाध्यमाला ह्या कथेचे विलक्षण आकर्षण वाटले. तमिळ 'चक्रधारी' (1948), राजकुमार ह्यांची प्रमुख भूमिका असलेला कन्नड 'भक्त कुंबार' (1974) आणि तेलुगू 'चक्रधारी' (1977) ह्या चित्रपटांनी गोरोबांना तीन भाषांतील प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याचा विषय केले. तल्लीनतेची कथा पाहताना प्रेक्षकच तल्लीन होतो, हा ह्या चित्रपटांमागील व्यामिश्र प्रकार आहे.

दोन्ही कथांचा नायक एकच आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. परीक्षेचे थापटणे ज्याच्या हाती दिले जाते तो तटस्थ पंच नाही. तल्लीनता काय देते आणि काय हिरावून घेते, हे त्याने भोगलेले आहे. शिवाय थापटणे हे मुळात घडणीचे साधन आहे. ओल्या मडक्याच्या आत एका हाताने दगडी गोळा धरून कुंभार बाहेरून थापटतो, तेव्हा भिंत पातळ आणि मजबूत होते. आतला आधार नसेल तर मडके फुटेल. बाहेरचा आघात नसेल तर ते बेढब राहील. कबीराच्या नावावरील एका प्रसिद्ध दोह्यात गुरूला हीच उपमा दिलेली आहे. समीक्षेला ती लावली तर आवड हा आतला हात ठरतो आणि परीक्षण हा बाहेरचा.

'श्यामची आई' ह्या कलाकृतीवर हा विचार पारखून पाहता येईल. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक 1935 साली प्रसिद्ध झाले. 1953 साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला 1954 साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले. अनेकांच्या मनात पुस्तकातील आई आणि पडद्यावरील वनमालाबाई एकरूप झालेल्या आहेत. 'आवडते पुस्तक' म्हणून जे सांगितले जाते त्यात वाचन, चित्रपट आणि स्वतःच्या आईची आठवण ह्यांचे थर मिसळलेले असतात. अशा कलाकृतीला अश्रुपाती ठरवून बाजूला सारणारी समीक्षा केवळ बाहेरचा हात वापरते. तिच्यापुढे नुसते सद्गदित होणारी समीक्षा केवळ आतला.

दोन्ही हात वापरले तर निराळेच काही हाती लागते. ही कथा रात्रीमागून रात्र आश्रमातील मित्रांना सांगितलेली आहे. तिचा जिव्हाळा ह्या मौखिक चौकटीतून सिद्ध होतो. पोहायला भिऊन लपणाऱ्या श्यामला चोप देणारी आई ही निव्वळ मायाळू प्रतिमा नाही. थापटणे तिच्याही हाती आहे. कर्ज आणि घरावर आलेली नामुष्की ह्यांचे तपशील गहिवराला भौतिक वास्तवाचा आधार देतात. येथे मडके खणखणीत वाजते. मात्र त्या स्त्रीचे कष्ट, तिचे आजारपण आणि तिचा मृत्यू जेथे मुलाच्या संस्कारांची सामग्री म्हणूनच सुंदर होतात, तेथे आवाज बद्द येतो. पुत्राच्या भावनेत तल्लीन झालेल्या वाचकाच्या पायाखाली येथे आईच येते. आवड नसती तर ही जागा बोचली नसती, आणि परीक्षण नसते तर ती दिसली नसती.

आनंदवर्धनाच्या 'ध्वन्यालोका'वरील 'लोचन' ह्या टीकेत अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सतत परिशीलनाने मनाचा आरसा निर्मळ होण्यावर भर दिला आहे. सहृदयता ही उपजत कोमलता नाही. ती अभ्यासाने, आव्यात भाजल्याप्रमाणे, सिद्ध होते. तेव्हा प्रत्येक पिढीने आपल्या लाडक्या पुस्तकांच्या, गीतांच्या आणि चित्रपटांच्या याद्या अवश्य कराव्यात. परंतु यादी हा समीक्षेचा निष्कर्ष नव्हे, तो तिचा कच्चा माल होय. दुखावण्याची तयारी ठेवून आपल्या आवडीवर थापटणे मारून घेणे, हे नामदेवांनी केले. त्यांचे मोठेपण कच्चे ठरल्यानंतर त्यांनी उचललेल्या पावलात आहे.