मराठी अर्थलेखन : यशोगाथा उदंड, हिशेब थोडे

कारभारातले आणि व्यापारातले निर्णय कसे घ्यावेत, हे कारणांसकट सांगणारा मराठीतला जुना ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ राजनीतीचा म्हणून वाचला जातो. पण त्यातली साहुकार, गडकोट आणि आरमार यांवरची प्रकरणे व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकाशेजारी ठेवावीत. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीला जागा द्यावीच लागली तर ती समुद्रकिनारी किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत सखल भागात द्यावी. कारण त्यांचे बळ आरमारात आहे. आरमाराच्या लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. नियम, त्याचे कारण आणि त्याचा अपवाद, तिन्ही गोष्टी दोन-चार वाक्यांत येतात. पुढच्या मराठी लेखनात हे क्वचितच साधले.

एकोणिसाव्या शतकात सुरुवात चांगली झाली. रामकृष्ण विश्वनाथ यांचे हिंदुस्थानच्या आर्थिक स्थितीवरचे पुस्तक १८४३ चे, लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चे. दोन्हींवर इंग्रजी अर्थशास्त्राची दाट सावली आहे. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेला 'शेतकऱ्याचा असूड' मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. शेतकऱ्याचे घर, गोठा, अंगावरचे कपडे, ताटातले अन्न यांची बारीक पाहणी करून मग सारा, कर्ज आणि नोकरशाही यांच्याकडे बोट दाखवणारी ही रीत आजही शिकण्यासारखी आहे.

त्यानंतर वाट फुटली. न्यायमूर्ती रानडे यांचे अर्थविषयक निबंध, डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ, धनंजयराव गाडगीळांचा औद्योगिक उत्क्रांतीवरचा ग्रंथ, हे सगळे इंग्रजीत लिहिले गेले. वाद राज्यकर्त्यांशी होता, तेव्हा ते साहजिकच होते. पण तोटा मराठीचा झाला. विश्लेषण इंग्रजीत गेले आणि मराठीच्या वाट्याला प्रामुख्याने उद्बोधन उरले.

ते उद्बोधन हलके नव्हते. १९२० मध्ये किर्लोस्करांच्या कारखान्याचे पत्रक म्हणून निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे शंकरराव किर्लोस्करांनी मोठे मासिक केले. कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे 'यांत्रिकाची यात्रा' हे चरित्रही शंकररावांनीच लिहिलेले. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते असे मानणारा शेतकरी आणि त्याला गिऱ्हाईक करू पाहणारा कारखानदार, ही त्यातली बाजारपेठ घडवण्याची अस्सल कथा आहे. पण पुतण्याने काकांचे चरित्र लिहिताना जे सुटणारच, ते सुटते. पुढची बहुतेक उद्योगचरित्रे याच वळणावर गेली: अडचण, जिद्द, यश. विठ्ठल कामतांचे 'इडली, ऑर्किड आणि मी' वाचनीय आहे, उमेदही देते. ताळेबंद मात्र त्यात शोधू नये.

हिशेब पुन्हा मराठीत आणला तो शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनामागे उत्पादनखर्चाची मांडणी होती. 'उणे सबसिडी'सारखी, म्हणजे सरकारी धोरणाने शेतमालाचा भाव पाडून शेतकऱ्याकडूनच उलटी वसुली होते ही, कल्पना त्यांनी सभेतल्या माणसाला समजेल अशी सांगितली. एकाच कारणावर सगळा भार टाकण्याचा दोष त्यांच्यात आहे; तरी त्यांचे म्हणणे खोडायचे तर आकडे घेऊनच बसावे लागते.

जग कसे चालते, या प्रश्नावर गिरीश कुबेरांनी मराठीत नवा वाचक तयार केला. 'हा तेल नावाचा इतिहास आहे' आणि सौदी तेलमंत्री यामानींवरचे 'एका तेलियाने' ही त्यांची भक्कम पुस्तके. भाव, सत्ता आणि युद्ध यांचा धागा त्यांत सुटत नाही. 'टाटायन'मध्ये आदर चिकित्सेच्या पुढे जातो. अच्युत गोडबोले यांच्या 'अर्थात'चे सामर्थ्य विस्तारात आहे, खोलीत नाही. पहिले पुस्तक म्हणून ते योग्यच.

भाषांतरांचा पूर मोठा आहे. 'रिच डॅड पुअर डॅड' खेडोपाडी पोहोचले. पण अनिश्चिततेत माणूस कुठे फसतो, संभाव्यता कशी तोलावी, यावर मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्या लेखनाच्या तोडीचे मराठीत मुळातून लिहिलेले पुस्तक नाही.

सर्वांत मोठी उणीव अपयशाच्या अभ्यासाची आहे. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीवर गौरवग्रंथ पुष्कळ निघाले. बंद पडलेल्या एखाद्या कारखान्याने कर्ज कोणत्या अंदाजावर काढले, संचालक मंडळात विरोध कोणी केला आणि तो का टिकला नाही, हे कागदपत्रांनिशी सांगणारे पुस्तक मराठी प्रकाशकांनी आता मागून लिहवून घ्यावे. त्याला लागणारे वार्षिक अहवाल मराठीतच आहेत.