भूकंपरोधक बांधकामाचे व्यावसायिक प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
भूकंपातील बहुतांश जीवितहानी ही इमारती कोसळल्यामुळे होते. त्यामुळे भूकंपरोधक बांधकामाचे ज्ञान हा केवळ अभियांत्रिकीचा विषय नसून सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे. भारतात या ज्ञानाच्या अध्यापनाची परंपरा साठ वर्षांहून जुनी आहे. तरीही १९९३ मध्ये किल्लारी येथे आणि २००१ मध्ये भूज येथे हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. ज्ञान उपलब्ध असताना ते भिंतीपर्यंत का पोहोचले नाही, या प्रश्नाच्या आधारे प्रस्तुत लेखात व्यावसायिक प्रशिक्षणाची चिकित्सा केली आहे.

प्रशिक्षणाची वाटचाल :
तत्कालीन रुरकी विद्यापीठात १९६० मध्ये भूकंप अभियांत्रिकीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. भूकंपरोधक संरचनेविषयीचे आयएस १८९३ हे मानक १९६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दख्खनचे पठार भूकंपापासून मुक्त आहे, ही समजूत खोटी ठरविली. भूज भूकंपानंतर या प्रयत्नांना गती आली. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००३ ते २००७ या काळात भूकंप अभियांत्रिकी शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला. सात आयआयटी व बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांच्यामार्फत अभियांत्रिकी, वास्तुकला व तंत्रनिकेतन महाविद्यालयांतील अध्यापकांना प्रशिक्षण देण्यात आले. केंद्रीय गृह मंत्रालयानेही अभियंते व वास्तुविशारद यांच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम आखले.

या प्रयत्नांचे मोल कमी नाही. वर्गात भूकंप अभियांत्रिकी शिकवू शकणारी अध्यापकांची एक पिढी त्यातून उभी राहिली. मात्र या कार्यक्रमांमागे एक गृहीतक होते. अभियंत्याला माहिती नाही म्हणून इमारत पडते, आणि माहिती दिली की ती उभी राहील, असे ते गृहीतक होय. प्रत्यक्ष घटना या गृहीतकाला पुरेसा आधार देत नाहीत.

किल्लारीचा अनुभव :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. ती जागतिक मापाने मध्यम म्हणावी अशी असूनही लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यामागील कारण घरांच्या रचनेत होते. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, त्यांच्या आतील व बाहेरील थरांना जोडणाऱ्या आरपार दगडांचा अभाव आणि वर माळवदाचे प्रचंड ओझे, अशी ही घरे होती. हादऱ्याने भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि भिंती ढासळल्या.

कमकुवत दगडी व विटांच्या बांधकामाविषयीचे आयएस १३८२८ हे मानक १९९३ याच वर्षीचे आहे. आरपार दगड व भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा हे त्यातील उपाय साधे आहेत. परंतु मानकांचा वाचक अभियंता असतो, आणि खेड्यातील घर अभियंता बांधत नाही; ते गवंडी बांधतो. पुनर्वसनात जुन्या घरांचे मजबुतीकरण करण्यासाठी अर्थसाहाय्य मिळाले, तेव्हाही अनेक कुटुंबांनी त्या पैशांतून नवी खोली बांधणे पसंत केले. दगडी भिंतीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. तोच दगड नीट रचला तर टिकतो, हे पटवून देणारा प्रशिक्षित गवंडी गावोगावी असता, तर चित्र वेगळे दिसले असते.

भूजचा अनुभव :
किल्लारीत अभियंता नव्हता, असे म्हणता येते. अहमदाबादच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर असलेल्या या शहरात अनेक बहुमजली काँक्रीट इमारती कोसळल्या. वाहनतळासाठी तळमजला मोकळा ठेवून वरचे मजले भिंतींनी भरलेले असल्याने सारा ताण तळाच्या खांबांवर आला. हा दोष मूलतः आराखड्यातील आहे. वास्तुविशारदाने इमारतीचा आकार ठरविल्यानंतर संरचना अभियंत्याकडे केवळ हिशेब उरतो. दोघांचे प्रशिक्षण स्वतंत्रपणे होत राहिल्यास ही फट बुजणार नाही.

दुसरा दोष सळईच्या कामातील आहे. आयएस १३९२० नुसार खांबाच्या टोकांजवळ रिंगांमधील अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे आणि रिंगेची टोके १३५ अंशांत वाकवून आतील काँक्रीटमध्ये रुतवावीत. टोके ९० अंशांतच सोडली, तर वरचे काँक्रीट निखळताच रिंग उघडते, उभ्या सळया वाकतात आणि खांब बसतो. नकाशावर ही रेघ काढायला क्षण पुरतो. मात्र कामावर ते ४५ अंश जादा वाकवण्यासाठी वेळ, श्रम व देखरेख लागते. त्याचे महत्त्व सळई बांधणाऱ्या कामगाराला कोणी सांगितलेले नसेल, तर अभियंत्याचे प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते.

उत्तरदायित्वाचा प्रश्न :
वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा व नोंदणी करणारी परिषद आहे. स्थापत्य अभियंत्यांसाठी देशपातळीवर असा कायदा नाही. स्थानिक संस्था आपापल्या पद्धतीने परवाने देतात. गुजरातने २००६ मध्ये व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांसाठी राज्याचा कायदा केला, ही बाब उल्लेखनीय आहे. सही करण्याचा अधिकार आणि प्रशिक्षण यांचा संबंध जोडला नाही, तर प्रशिक्षण ऐच्छिक राहते, आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज असते तोच त्यापासून दूर राहतो.

निष्कर्ष :
भूकंपरोधक बांधकामाच्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन आजवर मुख्यतः प्रशिक्षितांच्या संख्येने झाले. ते बांधकामाच्या जागी दिसणाऱ्या बदलाने व्हावयास हवे. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात. वास्तुविशारद व अभियंता यांचे प्रशिक्षण एकत्र व्हावे. गवंडी व सळई कामगार यांना त्यांच्याच भाषेत, प्रत्यक्ष भिंतीवर व खांबावर शिक्षण मिळून त्यांच्या कौशल्याची मजुरीतही दखल घेतली जावी. तसेच सही करण्याच्या अधिकाराचे नूतनीकरण नियमित प्रशिक्षणाशी बांधले जावे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. तिसरीसाठी मात्र शासनाची इच्छाशक्ती लागेल, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन्ही फार काळ टिकणार नाहीत.