घोडीवरचं टेबल

इन्स्टाग्रामवर ‘मिड-सेंच्युरी इटालियन’ असं शोधलं की एक टेबल हमखास दिसतं. दोन हलके लाकडी स्टँड, तिरके बारीक पाय, वर एक सरळ फळी. फ्रांको अल्बिनी या मिलानच्या आर्किटेक्टने १९५० साली ते केलं. नाव ‘कॅव्हालेत्तो’, म्हणजे छोटा घोडा. आपल्याकडे रंगारी आणि सुतार फळी टाकायला जो स्टँड वापरतात, त्यालाही घोडीच म्हणतात. म्हणजे मूळ कल्पना कुणा एकाची नाहीच. अल्बिनीने घोडीतलं अनावश्यक लाकूड काढत नेलं, इतकंच. पण हे ‘इतकंच’ फार अवघड असतं.

हे लिहितोय ते अकोटच्या घरातल्या टेबलावर. वर सागवानी फळ्या, खाली लोखंडी अँगलचा सांगाडा. वर्क फ्रॉम होमसाठी मी ते मागच्या खोलीतून बाहेर काढलं तेव्हा बाबा म्हणाले, “त्याले काय पाह्यतं? भंगारवाल्याले देऊन टाक.” मी दिलं नाही. पण ‘आमचंही टेबल अल्बिनीच्या तोडीचं’ असंही म्हणणार नाही, कारण ते तसं नाही.

आधी दोष. मधली आडवी पट्टी नेमकी गुडघ्याला लागते. टेबल एकट्याने उचलत नाही. सांगाडा वेल्डिंगचा असल्यामुळे सुटा होत नाही, दारातून आडवा करून काढावा लागतो. कॅव्हालेत्तो मात्र उघडून ठेवता येतं. फळी सुताराने केली आणि सांगाडा वेल्डरने, आणि दोघं एकमेकांशी बोललेच नसावेत, असं पहिल्यांदा वाटतं.

मग एक दिवस चार्जर पडला म्हणून मी खाली वाकलो. फळ्या लोखंडाला स्क्रूने जोडल्यात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधली भोकं गोल नाहीत. कानशीने घासून ती लांबट केलीत, फळीच्या रुंदीच्या दिशेने. आधी वाटलं, माप चुकलं असेल. पण सगळीच तशी आहेत.

कारण सोपं आहे. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लोखंड तसं करत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. स्क्रू गोल भोकात घट्ट बसवले असते तर फळीला चीर गेली असती. लांबट भोकात स्क्रू सरकतो, फळी श्वास घेते. एवढ्या वर्षांत आमच्या टेबलाला एकही चीर नाही. म्हणजे कुणीतरी दोन्ही बाजूंचा विचार केला होता. हे डिझाइनच आहे, फक्त टेबलाखाली आहे.

मग फरक कुठे पडला? अल्बिनी एकटा नव्हता. त्याची टेबलं, खुर्च्या बनवल्या पावियाच्या पोज्जी या सुतारी कारखान्याने. अल्बिनीच्या ‘लुइसा’ खुर्चीला १९५५ साली ‘कोम्पासो दोरो’ हे इटलीतलं मानाचं डिझाइन पारितोषिक मिळालं, पण त्याआधी कितीतरी वर्षं तिच्या आवृत्त्या होत राहिल्या. एक केली, बसून पाहिलं, खुपलं, पुन्हा केली. सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजवायला नको. पहिल्या व्हर्जनमध्ये गुडघा आपटणारच. आमच्या मिस्त्रीला दुसरं व्हर्जन मिळालंच नाही. टेबल गेलं, पैसे मिळाले, पुढची ऑर्डर चौकटीची.

दुसरा फरक नोंदीचा. आजही जुन्या कॅव्हालेत्तोच्या विक्रीत अल्बिनीसोबत पोज्जीचं नाव येतं. आपल्याकडे चंदीगडचं पाहा. सरकारी कचेऱ्यांतलं लाकडी फर्निचर भंगार म्हणून लिलावात गेलं, परदेशात प्येर जान्नेरेच्या नावाने लाखोंना विकलं गेलं आणि २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्याच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. रंधा मारणाऱ्या सुतारांची नावं मात्र त्या झगमगीत कॅटलॉगमध्ये शोधून सापडत नाहीत. खुर्चीला भाव आला, हाताला नाही.

आणि हा दोष फक्त लिलाववाल्यांचा नाही. मी बाबांना विचारलं, टेबल कुणी केलं? फळ्या परतवाड्याहून आणल्या, हे त्यांना आठवतं. कुणाच्या ट्रॅक्टरमधून आल्या, तेही आठवतं. मिस्त्री? “होता एक जण.” ज्या माणसाने भोकं घासली, त्याच्याबद्दल आमच्या घरात एवढंच शिल्लक आहे. वेल्डर आणि सुतार कदाचित एकच माणूस असेल. कदाचित दोघं असतील आणि चहा पिताना बोलले असतील. आता कळायला मार्ग नाही.

‘व्हिंटेज’ हा शब्द म्हणूनच मला खटकतो. तो वस्तूचं वय मोजतो, तिच्यातला विचार नाही. जुन्या टेबलाला पॉलिश करून कॅफेत ठेवलं की आपण वारसा जपल्याच्या आनंदात असतो. मधली पट्टी तिथेच असते, गुडघा तसाच आपटतो.

मी गावातल्या एका मिस्त्रीला आणखी एक टेबल सांगितलंय. मधली पट्टी मागे सरकवायची आणि सांगाडा नट-बोल्टचा करायचा, हे आमचं ठरलं. जुन्याची भोकं त्याला दाखवली. तो वाकला, बोट फिरवलं आणि म्हणाला, “हा माणूस हुशार होता.” पहिलं टेबल जमलं नाही तर दुसऱ्याचेही पैसे देईन, असं मी सांगितल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. खाली नाव कोरा म्हटल्यावर तर तो हसायलाच लागला. म्हणाला, नाव घालायचं काय त्यात, टेबलच तर आहे.