शेवटचं बघून घेताना

मालवण सोडायला दोन रविवार उरले होते. ऑफिसने पुण्याला बोलावलं होतं. पाच वर्षं घरून केलेलं काम संपलं. जाण्याआधी सगळं एकदा नीट बघून घेऊ म्हणून मोबाइलमध्ये यादी केली: सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डन, तारकर्ली, देवबागचा संगम, कोंडुरा. यादी वाचली आणि ओशाळलो. आमच्या मागच्या दोन खोल्यांत पर्यटक उतरतात, त्यांना मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो तीच ही यादी. फक्त शेवटचं नाव जास्तीचं होतं. जन्मापासून इथे राहणारा मी आणि शनिवार-रविवारचा पाहुणा, दोघांनी बघायचं तेच.

पहिलंच नाव खोडावं लागलं. जून लागला होता आणि पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला धक्क्यावरून समोर दिसतो, पण जाता येत नाही. आणि खरं सांगायचं तर होड्या चालू असताना तरी मी किती वेळा गेलो? शाळेच्या सहलीत दोनदा.

कोंडुरा यादीत आला तो चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीमुळे. परुळे-म्हापण-केळूसच्या रस्त्याने वेंगुर्ल्याच्या बाजूला, वायंगणीजवळ ही जागा खरोखर आहे. जाण्याआधी कादंबरी पुन्हा वाचली आणि कोंडुऱ्याची रील्सही पाहिली. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

रील्समध्ये कोंडुरा वरून दिसतो. ड्रोन खडकांवरून सरकतो, पाणी निळं असतं, पाऊस नसतो आणि माणूस असलाच तर पाठमोरा. जागेचा आवाज काढून त्यावर गाणं चढवलेलं असतं. कोंडुऱ्यापासून त्याची गाज काढली तर उरतं काय? कुठलाही समुद्र.

खानोलकरांची रीत याच्या नेमकी उलट आहे. १९६६च्या या कादंबरीत कोंडुरा बघायचं ठिकाण नाहीच. तिथे जाणाऱ्याचं काहीतरी होतं. घर सोडून निघालेल्या माणसाला तिथे एक मुळी मिळते, गर्भ पाडणारी, आणि तिच्यासोबत ब्रह्मचर्याची अट. पुढची सगळी गोष्ट त्या देण्याचं ओझं कसं पेलायचं याची आहे. जागा फुकट काही देत नाही आणि दिलेलं परत घेत नाही. मला सगळ्यात टोचली ती गोष्ट वेगळीच: वरदान पुरुषाला मिळतं, पण मुळी चालते बाईच्या शरीरावर. श्रद्धेच्या भरात तो जे ठरवतो त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. एवढं वाचल्यावर तो किनारा नुसता 'सुंदर' म्हणणं कठीण जातं.

खानोलकर बागलांच्या राईत जन्मले, कुडाळला त्यांनी खानावळ चालवली आणि १९५९ साली ते मुंबईला गेले. म्हणजे 'कोंडुरा' आली ती गाव सोडून सात वर्षं झाल्यावर. आरवलीच्या जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' १९६४चं, तेही मुंबईकर झालेल्या माणसाने लिहिलेलं. खानोलकरांची एक मर्यादा मला जाणवते. त्यांच्या कोकणात दैव इतकं दाटलेलं असतं की रोजच्या फालतू गप्पांना जागाच उरत नाही. ती जागा दळवी भरून काढतात. त्यांच्या गावात माणसं भांडतात, थापा मारतात, हसवतात आणि हसवता हसवता एकटी पडतात. पण एका बाबतीत दोघे सारखे आहेत. दोघांच्याही पुस्तकांतून तुम्हाला 'काय बघावं' याची यादी करता येणार नाही.

माझ्या यादीची चूक इथे कळली. शेवटचं बघून घेणं म्हणजे हिशेब मिटवणं. पाचही नावांवर टिक केली की गाव पुरं झालं, आता जायला मोकळा. या दोन लेखकांचा हिशेब गाव सोडूनही मिटला नव्हता, म्हणून पुस्तकं झाली. आपण सगळे लेखक होणार नाही हे खरं. पण गाव बघून संपतं या समजातून तरी सुटता येईल.

तरीही मी कोंडुऱ्याला गेलो. आभाळ भरलेलं, पाणी मातकट आणि आवाज इतका की सोबतच्या मित्राशी ओरडून बोलावं लागत होतं. फोन प्लास्टिकच्या पिशवीतच राहिला. भीती वाटली आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या रविवारी रॉक गार्डन, तारकर्ली, संगम सगळंच राहिलं. मासेमारी बंदीचे दिवस, बाजारात ताजी मासळी बेताचीच, म्हणून आईने सुके बांगडे आणि सुकट आणायला पिटाळलं. यादीत नसलेलं हे काम मी वर्षानुवर्षं करत आलोय. कुठल्या बाईकडचे बांगडे नीट वाळलेले असतात ते मला न विचारता कळतं. पर्यटकांना हे कधी सांगितलं नव्हतं.

पुडी आईच्या हातात दिली. कोंडुऱ्याने मुळीसोबत अट घातली होती, तशी इथेही आलीच.

"घट बांध रे," आई म्हणाली, "नायतर गाडयेत वास मारतलो."